हिरवा पूल निळा करताना

अलिबाग, कर्जत, लोणावळा, इगतपुरी या भागांत वीकएंडला भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांच्या जाहिरातीत पहिला फोटो बहुतेक वेळा निळ्याशार स्विमिंग पूलचा असतो. त्याच पूलचा ऑक्टोबरमधला फोटो मात्र कुणी टाकत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की पाहुणे थांबतात, मालकांच्या फेऱ्या कमी होतात, ‘आता वरून पाणी पडतंयच’ म्हणून पंप बंद होतो. दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी येतं तेव्हा पाणी गडद हिरवं झालेलं असतं, दुसरी पायरी दिसत नसते आणि कडेला बेडूक बसलेले असतात.

यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. एक तर क्लोरीनचा डबा उघडून पाण्यात ओतायचा, नाहीतर सगळं पाणी उपसून टाकायचं. पहिल्या उपायात पैसे वाया जातात आणि दुसऱ्यात कधीकधी पूलच फुटतो. खरं तर हिरवा पूल निळा करण्याचं सगळं साहित्य तालुक्याच्या बाजारात मिळतं आणि त्यात गूढ काही नाही. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीनंतर करायची, हे कळलं की निम्मं काम झालं.

पावसाचं गणित

उदाहरणासाठी एक पूल घेऊ. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, उथळ टोकाला खोली ०.९ मीटर, खोल टोकाला १.८ मीटर. सरासरी खोली १.३५ मीटर, म्हणजे पाणी ४३,२०० लिटर. पुढची सगळी मापं याच पूलची आहेत. आपल्या पूलचं पाणी किती लिटर आहे हे एकदा मोजून पंप रूमच्या भिंतीवर लिहून ठेवावं. त्याशिवाय कोणत्याही औषधाचं प्रमाण ठरत नाही.

अलिबागला वर्षाला सरासरी दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, लोणावळ्याला चार मीटरहून जास्त. म्हणजे अलिबागला या पूलच्या सरासरी खोलीहून अधिक पाणी आभाळातूनच येतं. पूल आधीच भरलेला असल्याने तितकंच पाणी काठावरून वाहून जातं. पाणी नीट मिसळत गेलं असं धरलं, तर जूनमधल्या पाण्याचा जेमतेम पाव भाग ऑक्टोबरमध्ये शिल्लक राहतो. लोणावळ्यात उरतो विसावा हिस्सा.

जुन्या पाण्याबरोबर त्यात विरघळलेलंही सगळं वाहून जातं. क्लोरीन तर पहिल्या काही दिवसांतच संपलेला असतो. पाण्याचा पीएच सावरून धरणारे क्षार, म्हणजे अल्कलिनिटी, आणि क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक आम्ल हेही पाव भागावर येतं. बदल्यात पाऊस आणि वारा पालापाचोळा, परागकण, पक्ष्यांची विष्ठा आणि कोकणात जांभ्याची लाल माती आणून टाकतात. त्यातून मिळणारं नायट्रोजन आणि फॉस्फरस हे शेवाळाचं खत. शेवाळाचे बीजाणू हवेत कायम असतातच. श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की त्यांना प्रकाशही मिळतो आणि आठवड्याभरात पाणी हिरवं होतं.

हिरव्या पाण्यात कोण राहतं

पाणी हिरवं करणाऱ्या सूक्ष्म शेवाळापासून माणसाला फारसा धोका नसतो. धोका असतो तो त्याच्या आश्रयाने राहणाऱ्यांचा. आपल्या हवामानात डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतं ते म्हणूनच. पिंप कोरडं करता येतं, ४३ हजार लिटरचा पूल दर आठवड्याला कोरडा करता येत नाही. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनॉफेलिस स्टिफेन्सी विहिरी, टाक्या, पूल अशा तुलनेने स्वच्छ साठ्यांत अंडी घालतो, तर पालापाचोळा कुजलेलं पाणी क्युलेक्सला मानवतं. डेंग्यूच्या एडिसला छोटे साठे आवडतात आणि तेही पूलभोवती असतात: आच्छादनाच्या ताडपत्रीच्या घड्या, पंप रूममधली बादली, ओव्हरफ्लो पूलची बॅलन्सिंग टाकी.

हिरवा पूल ही एका घराची खाजगी बाब नसते, हे कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड शहराने २००७ साली पाहिलं. गृहकर्जाचे हप्ते थकले, माणसं घरं सोडून गेली आणि मागच्या अंगणांतले पूल तसेच पडून राहिले. डासांमार्फत पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूचे तिथले रुग्ण त्या उन्हाळ्यात २७६ टक्क्यांनी वाढले. थकलेली कर्जं, दुर्लक्षित पूल आणि आजार यांचा संबंध संशोधकांनी पुढच्याच वर्षी मांडला. आजारी पडणाऱ्यांत अर्थातच शेजारीपाजारी होते, घर सोडून गेलेले नव्हेत.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी धरायला हव्यात. पावसाळ्यात उंदीर-घुशींच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणाला परिचित आहे आणि तो पायावरच्या साध्या जखमेतूनही शरीरात शिरतो. दुसरा धोका नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाचा. केरळमधल्या रुग्णांमुळे २०२४ मध्ये तो चर्चेत आला. उबदार, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात तो वाढतो आणि नाकातून आत गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो. हे आजार दुर्मीळ असोत वा नसोत, नियम एकच: हिरव्या पाण्यात उतरायचं नाही, साफ करण्यासाठीसुद्धा नाही. काम काठावरून, लांब दांडीच्या जाळीने करायचं. तळ न दिसणाऱ्या पाण्यात बुडालेला माणूसही दिसत नाही, म्हणून काम संपेपर्यंत फाटकाला कुलूप हवं.

रिकामा करण्याची घाई

‘एकदाच उपसून घासून काढू’ हा विचार स्वाभाविक आहे, पण पावसाळा संपताच तो सर्वांत घातक ठरतो. त्या वेळी भूजल जमिनीच्या अगदी जवळ आलेलं असतं. रिकामा पूल म्हणजे जमिनीत रुतवलेली होडी. भोवती पुरेसं पाणी असलं की ती वर उचलली जाणारच.

आकडे पाहू. भूजलाची पातळी पूलच्या तळापेक्षा एक मीटर वर असेल, तर ३२ चौरस मीटरच्या तळावर खालून सुमारे ३२ टनांचा रेटा येतो. १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट तळाचं वजन साधारण साडेअकरा टन आणि भिंतींचं तेरा टन. बेरीज पंचवीसही होत नाही. पूल भरलेला असताना आतलं ४३ टन पाणी हा रेटा सहज दाबून धरतं. ते काढून घेतलं की तळाला तडे जातात, टाइल्स उखडतात, पाइपांचे सांधे निखळतात. फायबरग्लासची हलकी टाकी तर सबंधच वर येऊ शकते. चांगल्या बांधकामात तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, पण वर्षानुवर्षं हात न लावलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी उघडेल यावर विसंबू नये.

प्लास्टर किंवा टाइल्सची मोठी दुरुस्ती असेल तरच पूल रिकामा करावा, आणि तोही एप्रिल-मे महिन्यात, शेजारच्या विहिरीची पातळी पाहून. एरवी आहे तेच पाणी साफ होतं. टँकरचा खर्च वाचतो तो वेगळाच.

आधी कचरा, मग औषध

क्लोरीन जंतू आणि पान असा भेद करत नाही. समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी त्याची रासायनिक क्रिया होते. तळाशी चार घमेली कुजका पाला असताना टाकलेला क्लोरीन त्या पाल्यावरच खर्ची पडतो, आणि सकाळी पाणी होतं तितकंच हिरवं असतं. म्हणून पहिला दिवस केवळ जाळीचा. आधी तरंगणारा कचरा, मग दांडीची खोल जाळी तळावरून सावकाश ओढत पाला बाहेर काढायचा. जोरात ढवळलं तर गाळ पाण्यात पसरतो आणि पुन्हा बसायला वेळ घेतो. काठाशी तिरकी फळी लावून ठेवली की बेडूक स्वतःच बाहेर पडतात. बेडकांच्या मागावर आलेली दिवडही अनेकदा असते. ती बिनविषारी असली तरी ओळख पटल्याशिवाय हात न घालता सर्पमित्राला बोलावणं बरं.

याच दिवशी पंप रूम पाहून घ्यायची. चार महिने ओलीत बंद राहिलेल्या मोटारीची वायरिंग, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय बटण दाबू नये. पाण्याखालच्या दिव्यांची काच फुटली असेल तर तो जोड काढून ठेवावा. तळाच्या मेन ड्रेनची जाळी तुटलेली किंवा सैल वाटली तर पूल वापरात येण्याआधी ती बदलायलाच हवी; उघड्या ड्रेनच्या ओढीत केस किंवा हात अडकून माणूस पाण्याखालीच राहू शकतो.

त्यानंतर फिल्टर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वाळूचा फिल्टर असतो. मिलिमीटरहून बारीक, टोकदार सिलिका वाळूच्या थरातून पाणी खाली उतरतं आणि कचरा वाळूत अडकतो. झाकण उघडून वाळू हातात घ्यावी. सुटी आणि खरखरीत असेल तर ठीक. तेलकट गोळे झाले असतील, किंवा पाच-सात वर्षांत बदललीच नसेल, तर ती आधी बदलावी. गोळे झालेल्या वाळूत पाणी फटींतून वाट काढतं आणि गाळलं न जाताच परत येतं. असा फिल्टर घेऊन बसलं तर पुढची सगळी रसायनं फुकट.

फिल्टर चालू झाला की साफ अवस्थेतला दाब त्याच्या दाबमापकावर पाहून लिहून ठेवायचा. तो ८ ते १० पीएसआयने वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून वाळू धुणं. हिरव्या पाण्यावर काम चालू असताना हे दिवसातून एक-दोनदा करावं लागतं. पंप बंद केल्याशिवाय पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं हँडल फिरवायचं नाही, नाहीतर आतलं रबर फाटतं. पाणी स्वच्छ होईपर्यंत पंप रात्रंदिवस चालवायचा.

पीएचचा हिशोब

आता औषधाकडे वळू, पण क्लोरीनआधी पीएच. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कोणत्याही रूपातला क्लोरीन पाण्यात पडला की त्याची दोन रूपं होतात: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. जंतू आणि शेवाळ मारण्याचं काम मुख्यतः पहिलं रूप करतं. दुसरं त्याच्या तुलनेत फारच मंद आहे. कोणाचा वाटा किती, हे पीएच ठरवतो. पीएच ७.५ च्या आसपास दोघांची वाटणी निम्मी-निम्मी होते. ७.२ ला कामाचं रूप दोन-तृतीयांशाच्या आसपास असतं, ८ ला ते पाव भागापर्यंत खाली येतं. म्हणजे पीएच ८ असताना टाकलेल्या चार किलोंपैकी तीन किलो जवळजवळ बसून राहतात.

हिरव्या पूलचा पीएच फसवा असतो. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारी पीएच चढतो आणि रात्री पुन्हा उतरतो. पावसाने अल्कलिनिटी धुऊन नेलेली असल्यामुळे या चढउताराला लगाम राहत नाही. म्हणून आधी अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएमच्या दरम्यान आणावी. पीपीएम म्हणजे हजार लिटरमागे एक ग्रॅम. त्यासाठी खाण्याचा सोडा पुरतो. आपल्या पूलमध्ये ती २५ वरून ८५ पर्यंत न्यायला सुमारे साडेचार किलो सोडा लागेल. मग पीएच ७.२ ते ७.४ वर आणायचा. चढा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं, बादलीभर पाण्यात आधी मिसळून, पंप चालू असताना टाकायचं आणि काही तासांनी पुन्हा तपासायचं. आम्ल पाण्यात ओतायचं. आम्लावर पाणी कधीच नाही.

हे सगळं क्लोरीनच्या आधी करण्याला आणखी एक कारण आहे. क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेला की पीएचच्या किटमधलं फेनॉल रेड द्रावण चुकीचा रंग दाखवतं.

कोकण आणि देश यांत इथे फरक पडतो. कोकणातलं पावसाचं पाणी मृदू, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. असं पाणी आपली भूक टाइल्समधल्या ग्राऊटवर भागवतं. ग्राऊट खडबडीत होतं आणि त्या खाचांत शेवाळ मूळ धरतं. देशावर बोअरचं पाणी अनेकदा जड, तिथे उलट टाइल्सच्या काठावर पांढरा थर बसतो. जांभ्याच्या भागात पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच पाणी तांबूस होतं. त्याने घाबरून जाऊ नये. लोहाचा गंज होऊन तो बाहेर पडतोय, इतकाच त्याचा अर्थ; पुढच्या टप्प्यात तो गाळात जातो.

क्लोरीनचा मारा

पीपीएम म्हणजे हजार लिटरमागे एक ग्रॅम. आपल्या पूलमध्ये एक पीपीएमला ४३ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. शेवाळ मारण्यासाठी तो १० पीपीएमपर्यंत चढवायचा, म्हणजे ४३२ ग्रॅम. बाजारात शुद्ध क्लोरीन मिळत नाही. ६५ टक्के क्षमतेचं दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर सुमारे ६६५ ग्रॅम, १० टक्क्यांचं द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट असेल तर सव्वाचार लिटरच्या आसपास, आणि ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर १.३ किलो लागेल. ब्लीचिंग पावडर स्वस्त असते, पण तिच्यातला चुना तळाशी बसतो आणि पीएच वाढवतो. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं पाणीच वापरावं. द्रव हायपोक्लोराइट आपल्या उन्हाळ्यात पडून राहिलं की भराभर कमजोर होतं, त्यामुळे जुना कॅन स्वस्तात घेण्यात फायदा नाही.

वेळ संध्याकाळची. सायन्युरिक आम्लाचं संरक्षण नसेल तर दुपारच्या कडक उन्हात पूलमधला क्लोरीन दोन-तीन तासांत जवळपास संपतो. सूर्यास्तानंतर टाकलेल्या क्लोरीनला सबंध रात्र मिळते. टाकण्याआधी भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा, वरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरचं तोंड ब्रशने घासून घ्यायचं. शेवाळाचा चिकट थर फुटल्याशिवाय आतल्या पेशींना क्लोरीन पोहोचत नाही. ग्राऊटमधले काळे ठिपके हे सायनोबॅक्टेरियांचं काम. ते सर्वांत चिवट असतात आणि त्यांना बरेच दिवस रोज घासावं लागतं.

पहिल्या रात्रीचा क्लोरीन सकाळपर्यंत संपलेला असेल. तसंच होणं अपेक्षित आहे. रोज संध्याकाळी मोजून पुन्हा १० पीपीएमवर आणायचा. रात्री आणि सकाळी मोजलेल्या आकड्यांत एक पीपीएमहून कमी फरक पडला की समजायचं, पाण्यात क्लोरीन खाणारं काही उरलेलं नाही. मोजण्यासाठी किट घेताना एवढं पाहावं: पिवळा रंग दाखवणारं स्वस्त ओटीओ किट एकूण क्लोरीन सांगतं, खर्च झालेला धरून. गुलाबी रंग दाखवणारं डीपीडी किट मोकळा, म्हणजे कामाला तयार असलेला क्लोरीन सांगतं. आपल्याला हवा असतो तो दुसरा आकडा.

क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये, ज्यांना टीसीसीए म्हणतात, क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही असतं. ते ३० ते ५० पीपीएम असलं की उन्हापासून बचाव होतो. पण ते खर्च होत नाही, साठत जातं. २०० ग्रॅमची एक गोळी आपल्या पूलमध्ये त्याची अडीच पीपीएमने भर घालते. आठवड्याला दोन गोळ्या या हिशोबाने ऑक्टोबर ते मे या काळात ते दीडशेच्या वर जातं आणि मग क्लोरीन किटवर दिसतो, पण त्याचं काम मंदावतं. कोरड्या प्रदेशांत यावर अर्धा पूल रिकामा करणं हाच उपाय असतो. कोकणात ते काम पाऊस फुकट करतो. म्हणून गोळ्या ऑक्टोबरपासून वापराव्यात आणि फेब्रुवारी-मार्चनंतर शक्य तितकं द्रव किंवा दाणेदार क्लोरीनवर यावं.

सर्वांत महत्त्वाची सूचना ही रसायनं हाताळणाऱ्यासाठी, आणि तो बहुतेक वेळा मालक नसून केअरटेकर असतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट, दोन्ही ‘क्लोरीन’च म्हणून विकली जातात, पण ती एकत्र आली तर आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. एकाचा चमचा दुसऱ्याच्या डब्यात घालायचा नाही. कोणत्याही क्लोरीनमध्ये आम्ल मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. प्रत्येकाचा डबा वेगळा, कोरड्या आणि हवेशीर जागी, त्यावर मराठीत ठळक नाव. हातमोजे, चष्मा आणि मास्क ही चैन नाही, मालकाने आणून द्यायची वस्तू आहे.

निळं होण्याआधीचं दुधाळ पाणी

शेवाळ मेलं की पाणी हिरव्याचं राखाडी-दुधाळ होतं. इथे अनेकांचा धीर सुटतो आणि कुणीतरी मोरचूद टाकायला सांगतं. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात जे वापरतात तेच. त्याने शेवाळ मरतं हे खरं, पण आपलं शेवाळ आधीच मेलेलं आहे. जास्तीचं तांबं टाइल्सवर डाग पाडतं, आणि बॅकवॉशमधून ओढ्यात गेलं तर मासे मारतं. पाण्याला येणारी निळाई ही त्याच्या रंगाची, स्वच्छतेची नव्हे.

आता काम आहे तुरटीचं. मृत पेशींचे कण इतके बारीक असतात की वाळूतून सुटून जातात, आणि एकमेकांना विद्युतभाराने दूर लोटत असल्याने आपणहून खालीही बसत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार निवळवतं, कणांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. गढूळपणा पाहून हजार लिटरमागे २० ते ५० ग्रॅम, म्हणजे आपल्या पूलला एक ते दोन किलो तुरटी विरघळवून सगळीकडे शिंपडावी. पंपाने फिल्टर वगळून थोडा वेळ पाणी फिरवावं आणि मग रात्रभर पंप बंद. सबंध प्रक्रियेत पाणी स्थिर ठेवायचं ते एवढ्याच वेळी. सकाळी वरचं पाणी स्वच्छ आणि तळाशी राखाडी गालिचा दिसतो. तो व्हॅक्यूमने सावकाश ओढायचा, आणि व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून थेट बाहेर सोडायचा, फिल्टरमधून नेला तर तो वाळू बंद पाडतो किंवा परत पूलमध्ये येतो. तुरटीने पीएच आणि अल्कलिनिटी उतरते, तेव्हा दोन्ही पुन्हा तपासावं लागतं. बाहेर सोडायच्या पाण्यात क्लोरीन जास्त असेल तर ते विहीर-ओढ्यापासून दूर, मोकळ्या जमिनीत जिरवावं.

काठावर उभं राहून खोल टोकाच्या मेन ड्रेनची जाळी स्पष्ट दिसली, मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर उतरला आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये स्थिरावला, की पूल पोहण्याजोगा झाला.

रोजची निगा

इथून पुढे कामं छोटी होतात, पण नेमाची. सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरायला आपल्या पूलला एक अश्वशक्तीच्या पंपाने चार-पाच तास लागतात. स्वच्छ झालेलं पाणी त्याच पूलमध्ये परत मिसळत असल्याने एका फेरीत प्रत्यक्षात ६३ टक्केच पाणी गाळलं जातं. दोन फेऱ्यांत ८६ टक्के, तिसऱ्या फेरीत ९५. वापराच्या दिवसांत दोन फेऱ्या तरी हव्यात. रोज तरंगता पाला काढणं, क्लोरीन आणि पीएच तपासणं. आठवड्यातून एकदा भिंती घासणं आणि व्हॅक्यूम मारणं. दाब वाढला की बॅकवॉश. पाणी रोज कमी होत असेल तर पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून दोन्हींची पातळी दिवसभरानंतर पाहावी. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळती आहे, तेवढाच उतरला तर बाष्पीभवन.

पूलजवळ नाकाला झोंबणारा वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झाला. बहुतेक वेळा उलट असतं. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात. वास आणि डोळ्यांची जळजळ त्यांची. अशा वेळी क्लोरीन वाढवून ती मोडून काढावी लागतात. त्याहून सोपं म्हणजे पूलमध्ये उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ, आणि भाड्याने बंगला देणाऱ्यांनी ती सक्तीची करावी.

क्लोरीनलाही मर्यादा आहेत. एक पीपीएम मोकळा क्लोरीन ई. कोलाय जिवाणूंना मिनिटभरात मारतो, जिआर्डियाला पाऊण तास लागतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी मात्र त्याच पाण्यात दहा दिवसांहून अधिक तग धरतो. म्हणून जुलाब झालेल्या मुलाला, बरं वाटल्यानंतरही काही दिवस, पूलपासून दूर ठेवणं हाच उपाय.

पावसाळ्यात काय करायचं

शेवटचा हिशोब पैशांचा. जून ते सप्टेंबर पंप रोज चार तास चालवला तर साधारण ५०० युनिट वीज जाते, वर थोडा क्लोरीन आणि सोडा. बंद ठेवला तर ऑक्टोबरमध्ये आठवडाभर रात्रंदिवस चाललेला पंप, चार-पाच किलो क्लोरीन, सोडा, तुरटी, बॅकवॉशमध्ये गेलेलं पाणी आणि माणसांची मजुरी. दोन्ही रकमांत फार अंतर पडेल असं नाही, आणि एखाद्या वर्षी पूल बंद ठेवणंच स्वस्त पडेल.

म्हणून हा निर्णय केवळ बिलावर घेण्याचा नाही. बंद पूलचे डास मुंबई-पुण्यातल्या मालकाला चावत नाहीत. ते बंगल्यामागच्या खोलीत राहणाऱ्या केअरटेकरच्या मुलांना आणि शेजारच्या वाडीला चावतात. रोज पंप चालवणं जमत नसेल तर निदान घट्ट ताणलेलं आच्छादन घालावं आणि त्यावर साचलेलं पाणी आठवड्याला उपसावं. तेही नसेल तर डासांच्या अळ्या मारणारं बीटीआय हे जैविक औषध वापरावं, किंवा तालुक्याच्या आरोग्य केंद्राला विचारून गप्पी मासे सोडावेत. क्लोरीन टाकण्याआधी मासे मात्र दुसऱ्या बंद टाकीत हलवायचे, ओढ्यात सोडायचे नाहीत. पूल महिनोन्‌महिने हिरवा ठेवायचाच असेल, तर त्यात डास वाढणार नाहीत एवढी व्यवस्था तरी मालकाने आपल्या खर्चाने करायला हवी.